मंदीच्या वर्षातले चेंबर : मुंबई, १८६५-६६

मुंबईच्या १८६५ सालच्या दिवाळखोरीची गोष्ट आपल्याकडे बहुधा एकाच माणसाच्या नावाने सांगितली जाते. प्रेमचंद रायचंद, कापसाचे सोने, शेअरबाजीचे वेड, एका रात्रीत रस्त्यावर आलेले शेठ आणि या सगळ्याची आठवण म्हणून उभा असलेला राजाबाई टॉवर. गोष्ट रंगतदार आहे आणि खोटीही नाही. मात्र ती वाचताना मला नेहमी एक प्रश्न पडतो : या बाजारातला साहेब कुठे गेला? कापूस लिव्हरपूलला जात होता, पैसा तिकडून येत होता, कंपन्यांचे कायदे साहेबाचे होते आणि गाठी भरणाऱ्या मोठ्या पेढ्याही त्याच्याच होत्या. तरीही तेजीच्या वर्णनात तो पार्श्वभूमीला असतो आणि मंदी आली की एकदम फिर्यादी होऊन पुढे येतो. त्या परक्या व्यापाऱ्यांच्या संस्थेचे, म्हणजे बाँबे चेंबर ऑफ कॉमर्सचे, मंदीतले वर्ष नजरेसमोर ठेवून ही गोष्ट पुन्हा मांडावी, असा या लेखाचा हेतू आहे.

चेंबरची स्थापना १८३६ सालची. ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापारी अधिकार १८३३ च्या सनदी कायद्याने संपला आणि खासगी पेढ्यांना रान मोकळे झाले. त्या पेढ्यांना सरकारशी एका आवाजात बोलणारी संस्था हवी होती. सुरुवातीला काही पारशी व्यापारीही तिच्यात होते. पण संस्थेची भाषा, तिचा कारभार आणि तिचे हितसंबंध युरोपीय निर्यातदारांचे होते, आणि पुढच्या तीन दशकांत हा रंग अधिकच गडद झाला. अशा चेंबरांच्या वार्षिक अहवालांचा साचा ठरलेला असे : सभासदांची यादी, वर्षभरात सरकारशी झालेला पत्रव्यवहार, आयात-निर्यातीचे तक्ते. बंदर, गोदी, रेल्वे, टपाल, तार, जकात आणि कापसातली भेसळ हे मुंबईच्या चेंबरचे नेहमीचे विषय. त्यात नफ्याची उघड चर्चा नसते. नफ्याच्या आड येणाऱ्या प्रत्येक गोष्टीची मात्र असते.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला. तोवर सुरती कापूस इंग्लंडमध्ये हलका मानला जाई. आखूड धाग्याचा, कचऱ्याने भरलेला, नाइलाजाने घ्यायचा माल. पौंडाला चार-पाच पेन्स मिळवणारा तोच कापूस १८६४ च्या उन्हाळ्यात वीस पेन्सांच्या वर गेला. लोकांनी गाद्या उसवून कापूस विकला, असे सांगतात. जुन्या इंग्रजी लेखकांच्या हिशेबाप्रमाणे युद्धाच्या पाच वर्षांत मुंबईला कापसापोटी सुमारे ८ कोटी १० लाख पौंड जादा मिळाले.

या तेजीच्या पहिल्या टप्प्यात चेंबरच्या वर्तुळाची चिंता व्यवहारी होती. माल वाढला तशी भेसळ वाढली. सरकीसकट, पाणी मारून, दगडमाती घालून गाठी बांधल्या जाऊ लागल्या. १८६३ साली मुंबई सरकारने कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा केला. तपासनीस नेमले गेले, प्रेसना परवाने घ्यावे लागले, गाठींवर खुणा आल्या. त्या काळी मुंबईच्या विधिमंडळात वॉल्टर कॅसल्स नावाचा व्यापारी सभासद होता. मुंबई इलाख्यातल्या कापसाच्या लागवडीवर त्याने १८६२ मध्येच ग्रंथ लिहिला होता. हाच गृहस्थ पुढे इंग्लंडला जाऊन ख्रिस्ती चमत्कारांची चिकित्सा करणाऱ्या एका निनावी ग्रंथाचा लेखक म्हणून गाजला. परक्या व्यापाऱ्यांत अशी अभ्यासू माणसे होती, हे नोंदवले पाहिजे. त्यांना वऱ्हाडातला कापूस माहीत होता, खानदेशातले रस्ते माहीत होते. १ जानेवारी १८६५ रोजी थळ घाटाचा रेल्वेमार्ग खुला झाला तेव्हा त्याचा अर्थ मुंबईत या मंडळींइतका क्वचितच कुणाला कळला असेल.

दुसरा टप्पा कागदाचा. पैसा आला, पण तो ठेवायचा कुठे? जमिनीत, म्हणजे अजून समुद्राखाली असलेल्या जमिनीत. भराव घालणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्यांना कर्ज देणाऱ्या बँका निघाल्या आणि बँकांचे शेअर घ्यायला पैसे देणाऱ्या ‘फायनान्शियल’ कंपन्या निघाल्या. गॅझेटियरच्या नोंदीप्रमाणे जानेवारी १८६५ मध्ये शहरात ३१ बँका, १६ फायनान्शियल असोसिएशन आणि ८ जमीन कंपन्या होत्या. बॅक बे कंपनीच्या ५,००० रुपये भरलेल्या शेअरचा भाव ५०,००० च्या घरात गेला. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चे, म्हणजे याच भरतीतले. त्यांनी वर्णिलेली मुंबई दोन वर्षांत बदलणार होती.

इथे मला ठळकपणे सांगावेसे वाटते की हे वेड केवळ देशी नव्हते. माझगावच्या बाजूने भराव घालणाऱ्या एल्फिन्स्टन कंपनीमागे विल्यम निकोल आणि कंपनी ही युरोपीय पेढी होती. बॅक बेच्या प्रवर्तकांतही युरोपीय व्यापारी होते. मर्यादित जबाबदारीची कंपनी ही कल्पनाच विलायती. हिंदुस्थानात तिला १८५७ आणि १८६० च्या कायद्यांनी वाट मिळाली होती. देशी शेठ शतकानुशतके हुंडी आणि पेढीच्या शब्दावर व्यवहार करत आला होता, आणि तिथे बुडालेल्याची सगळी मालमत्ता पणाला लागे. नव्या कागदाने त्याला सांगितले की तुझी जोखीम शेअरपुरतीच. हे खरे वाटून त्याने वायद्यावर मात्र अमर्याद जोखीम घेतली. साधन परके होते, हाव दोघांची होती.

९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण आला. अटलांटिकखालची तार अजून टिकाऊ झाली नव्हती. म्हणून बातमी जहाजाने युरोपला आली आणि तिथून पुढे तारेने निघाली. इराणच्या आखातातून कराचीला जोडणारा तारमार्ग नुकताच, त्याच वर्षाच्या सुरुवातीला चालू झाला होता. तुर्कस्तानातून येणारे संदेश रेंगाळत, त्यांतले शब्द मोडून येत, आणि व्यापाऱ्यांची त्याबद्दल सतत ओरड असे. १८६६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला हिंदुस्थानच्या दळणवळणावर समिती नेमावी लागली. पण ही एक बातमी पुरेशी स्पष्ट होती. मे महिन्यात बेहरामजी होरमसजी कामा यांची मोठी पेढी बुडाली आणि धीर सुटला.

खरा दिवस होता १ जुलै. शेअरांचे मोठमोठे वायदे त्या दिवशी पुरे व्हायचे होते. घेणाऱ्याकडे पैसे नव्हते, देणाऱ्याला गिऱ्हाईक नव्हते. प्रत्येक जण कुणाचा तरी धनको आणि कुणाचा तरी ऋणको होता, त्यामुळे एकाचे बुडणे साखळीने सगळ्यांचे बुडणे ठरले. नादारीची प्रकरणे इतकी झाली की ती झटपट निकालात काढण्यासाठी १८६५ चा अठ्ठाविसावा कायदा करावा लागला. बॅक बेचा शेअर २,००० च्या खाली आला. बँक ऑफ बाँबेचा २,८५० पर्यंत गेलेला शेअर शेवटी ८७ रुपयांवर उतरला. ज्यांनी या शहराला अर्धशतक घडवले ते नाना शंकरशेट याच जुलैच्या ३१ तारखेला वारले. डॉ. भाऊ दाजींसारख्या विद्वानाचीही कमाई या लाटेत गेली.

पुढचे वर्ष सावरण्याचे असेल अशी आशा होती. मे १८६६ मध्ये लंडनची ओव्हरेंड गर्नी ही बलाढ्य पेढी कोसळली आणि तिच्या धक्क्याने हिंदुस्थानाशी व्यवहार करणाऱ्या बँकाही ढासळल्या. आता हा देशी शेअरबाजांचा वेडेपणा म्हणून हात झटकणे कठीण होते. लंडनच्या लोंबार्ड स्ट्रीटवरही तेच रोग निघाले होते : अल्प मुदतीचा पैसा दीर्घ मुदतीच्या योजनांत, तारणाचा कागद फुगलेला, आणि देखरेख करणारे झोपलेले.

याच काळातली एक गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. मंदीत कापूस थांबला नाही. १८६६ मध्ये ब्रिटनला पोचलेल्या हिंदी गाठी १८६५ पेक्षा जास्त होत्या. भाव उतरले, पण माल चालू राहिला. म्हणजे बुडाला तो व्यापारावर उभारलेला कागदाचा मनोरा. ज्या पेढ्या गाठी मोजत राहिल्या त्या तगल्या. ज्यांनी गाठीऐवजी शेअर मोजले त्या गेल्या, मग त्यांच्या पाटीवरचे नाव गुजराती असो की स्कॉटिश. स्विस फोल्कार्ट ब्रदर्स आणि ग्रीक राली ब्रदर्स या दोन परक्या पेढ्या पुढच्या दशकांत थेट कापसाच्या गावांपर्यंत खरेदीला पोचल्या आणि जुन्या ब्रिटिश पेढ्यांना मागे टाकून गेल्या. मंदीने परक्यांतही चाळण लावली ती अशी.

बँक ऑफ बाँबेची चौकशी हा या प्रकरणाचा नैतिक शेवट. १८६३ च्या नव्या सनदेने बँकेला शेअरांच्या तारणावर कर्ज द्यायची मोकळीक मिळाली होती. भांडवल २ कोटी ९ लाखांपर्यंत वाढवले होते. त्यातले जवळजवळ सगळे बुडाले आणि १८६८ मध्ये बँक गुंडाळावी लागली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या आयोगाने साक्षी घेतल्या. प्रेमचंदांचा बँकेवरचा प्रभाव उघड झाला, तसा चिटणिसांचा ढिलेपणाही. बँकेत सरकारचे भाग होते, सरकारचे संचालक होते, त्यांच्या शेजारी व्यापारी संचालक बसत होते. सही करणारे हात अनेक होते. लोकांच्या स्मरणात मात्र नाव एकच उरले.

प्रेमचंदांचा दोष कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण दोषाची वाटणी कशी होते, हे पाहिले पाहिजे. बुडालेल्या देशी शेठची कहाणी आख्यायिका झाली. बुडालेल्या साहेबाचा जमाखर्च विलायतेला गेला आणि विसरला गेला. ज्याच्या हाती अहवाल लिहिण्याची लेखणी असते, त्याला मंदी ही दुसऱ्याची चूक म्हणून लिहिता येते.

आणि ज्याच्या हाती लेखणीच नव्हती, त्याचे काय झाले? १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ होती, १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ भरली. दोन्ही मोजण्यांच्या पद्धती वेगळ्या धरल्या तरी भरावाच्या टोपल्या वाहायला आलेली हजारो माणसे कोकणात आणि घाटावर परतली, हे स्पष्ट आहे. गावातही तोच पाठ गिरवला गेला. युद्धाच्या वर्षांत धान्याचे भाव आणि रेल्वेकामाची मजुरी वाढली होती, म्हणून सावकार हात सैल सोडून कर्ज देत होता. पुणे आणि नगर जिल्ह्यांत कापूस फारसा नव्हता, पण पत तिथेही फुगली. त्याच चढ्या दिवसांच्या सुमारास इंदापूरपासून शेतसाऱ्याची फेरआकारणी सुरू झाली. भाव उतरले, सारा राहिला, आणि सावकाराने कर्जखत पुढे केले. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाने अमेरिकेतल्या युद्धाची तेजी आणि तिच्यानंतरची उतरण ही कारणांच्या साखळीतली एक कडी मानली.

न्यू ऑर्लिअन्स, लिव्हरपूल, मुंबई आणि सुपे. व्यापारी चेंबरच्या तक्त्यांत यांपैकी पहिली तीन नावे बसत, चौथ्यासाठी त्यांत स्तंभ नव्हता. ते काम पुण्याच्या सार्वजनिक सभेला करावे लागले. १८७० मध्ये स्थापन झालेल्या या सभेने रयतेच्या स्थितीची स्वतः पाहणी करून सरकारपुढे मांडली. संस्था, सभासद, अर्ज, आकडे, छापील अहवाल हे हत्यार व्यापारी साहेबाने गाजवलेले, पण ते आता शेतसाऱ्याविरुद्ध वापरले गेले. शेअर दलालांनी १८७५ मध्ये आपली संघटना बांधली, गिरणीमालकांनीही त्याच वर्षी बांधली, आणि १९०७ मध्ये हिंदी व्यापाऱ्यांनी स्वतःचे इंडियन मर्चंट्स चेंबर काढले. परक्यांच्या चेंबरमध्ये आपले दुःख नोंदले जात नाही, हा धडा पचायला चाळीस वर्षे लागली.

मंदीच्या वर्षात कोणतेही व्यापारी मंडळ काय मागते, यावरून त्याची ओळख पटते. तारा सुधारा, टपाल वेळेवर आणा, माल स्वच्छ ठेवा, या परक्या व्यापाऱ्यांच्या मागण्या रास्त होत्या आणि पुढे त्यांचा लाभ सगळ्या शहराला झाला. १८६८ पासून विलायतेची डाक आठवड्याची झाली, १८७० मध्ये समुद्री तार मुंबईला लागली, १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट आला. दिवाळे निघालेल्या कंपन्यांनी घातलेल्या भरावावर आज आपण चालतो. ती जमीन खरी आहे. तिच्याखाली बुडालेला पैसा कुणाचा होता, हे विचारायला मात्र वऱ्हाडातल्या शिवारापर्यंत आणि सुप्याच्या बाजारापर्यंत जावे लागते.