उकलीनंतरचा विरस : मराठी रहस्यकादंबरी आणि तिचा वाचक

मराठी समीक्षेने रहस्यकादंबरीविषयी जे थोडेबहुत लिहिले आहे, त्यात समीक्षकाची नाराजी भरपूर सापडते. वाचकाची नाराजी मात्र जवळजवळ सापडत नाही. या दोन नाराजी एकच आहेत असे गृहीत धरण्याची चूक आपल्याकडे वारंवार झाली आहे. समीक्षकाची नाराजी पुस्तक उघडण्यापूर्वीची असते. ती वाङ्मयप्रकाराविषयी असते, त्याच्या स्वस्त कागदाविषयी आणि भडक मुखपृष्ठाविषयी असते. वाचकाची नाराजी शेवटचे पान उलटल्यानंतरची असते. त्याने त्या प्रकारावर विश्वास टाकलेला असतो, रात्रीची झोप खर्ची घातलेली असते आणि मग तो म्हणतो, ‘शेवट गुंडाळला’. या दोन शब्दांत एक संपूर्ण वाङ्मयीन निर्णय आहे. तो कोणत्या निकषावर दिला गेला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

समीक्षकाच्या नाराजीचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली प्रसिद्ध झाली आणि अद्भुतरम्य कादंबरीची लाट सुरू झाली. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली नावल आणि नाटक यांविषयी निबंध लिहिला, तेव्हापासून संभाव्यतेचा प्रश्न मराठी कादंबरीविचारात ठाण मांडून आहे. वि. का. राजवाडे यांच्या १९०२ सालच्या ‘कादंबरी’ या निबंधाने अद्भुत आणि वास्तव या दोन कोटी पक्क्या केल्या. पुढे आलेल्या रहस्यकादंबरीला त्यातल्या पहिल्या कोटीत ढकलून दिले की काम संपत असे. वास्तविक रहस्यकादंबरी ही अद्भुताची शत्रू आहे. ती अद्भुताचा आभास निर्माण करते तो शेवटी त्याचा कार्यकारणभाव दाखवून निरास करण्यासाठीच. म्हणजे संभाव्यतेची सर्वांत कठोर परीक्षा याच प्रकारात होते, आणि ती घेणारा परीक्षक सामान्य वाचक असतो. मराठे आणि राजवाडे यांचा प्रश्न त्याने, त्यांचे नावही न ऐकता, पुढे चालू ठेवला असे म्हणण्यास हरकत नाही.

शेवटाविषयीची ही कडक अपेक्षा परकी नाही. भरताने निर्वहण संधीत अद्भुत रस असावा असे सांगितले आहे. विखुरलेली बीजे एकत्र येऊन फळाला येतात तेव्हा प्रेक्षकाला विस्मय वाटला पाहिजे. पण तो विस्मय बीजांतूनच यावा, बाहेरून आणलेला नसावा, हीही अट त्यात गर्भित आहे. ‘दशरूपक’कार धनंजयाने ही व्यवस्था सूत्रबद्ध केली, मराठीतल्या सर्वांत लोकप्रिय खाजगी गुप्तहेराचे नावही धनंजयच असावे, हा योगायोग विसरण्यासारखा नाही. तोदोरोवने १९६६ साली दाखवून दिले की हेरकथेत दोन कथा असतात : गुन्ह्याची आणि तपासाची. पहिली घडून गेलेली, पण अनुपस्थित. दुसरी उपस्थित, पण स्वतःचे महत्त्व नसलेली. शेवटी दुसरीने पहिलीला जागेवर आणून ठेवायचे असते. वाचकाचा विरस होतो तो येथे. दुसरी कथा त्याने मनापासून वाचलेली असते. तिने शोधून आणलेली पहिली कथा त्याला पटत नाही.

पाश्चात्त्य देशांत या विरसाची दखल लवकर घेतली गेली, कारण तो विक्रीच्या आकड्यांत दिसत होता. कॉनन डॉयलने १८९३ साली शेरलॉक होम्सला कड्यावरून खाली लोटले, तेव्हा वाचकांचा रोष असा उसळला की दहा वर्षांनी त्याला होम्सला जिवंत करावे लागले. अगाथा ख्रिस्तीच्या १९२६ सालच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ने वाचकांत फसवणूक झाल्याची तक्रार उठवली. व्हॅन डाइनने १९२८ साली वीस नियम लिहिले, रोनाल्ड नॉक्सने १९२९ साली दहा. हे नियम म्हणजे वाचकांच्या तक्रारींचे संहितीकरणच होय : पुरावा लपवू नका, जुळ्या भावाला आयत्या वेळी उभे करू नका, दैवी साक्षात्काराने उकल करू नका. उलट एडमंड विल्सनने १९४४-४५ मध्ये या सर्व प्रकारावरच झोड उठवली. ती समीक्षकाची नाराजी होती, आणि त्यावर वाचकांनी पत्रांचा पाऊस पाडला. मराठीत हा संवाद झालाच नाही.

झाला नाही याचे एक कारण आपल्या रहस्यकादंबरीच्या उत्पादनपद्धतीत आहे. गो. ना. दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्या मराठी वेषात आणल्या. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’मागेही रेनॉल्ड्सच आहे. पण यांनी कथा ऐतिहासिक किंवा कल्पित दरबारांत नेऊन बसवल्या. तेथे कायदा कोणता हा प्रश्न वाचक विचारत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) रहस्यकथेला मुंबईच्या रस्त्यावर आणले. धनंजय-छोटू, झुंजार, काळापहाड ही त्यांची माणसे घराघरांत पोहोचली. हजाराहून अधिक पुस्तिका लिहिणाऱ्या या लेखकाने मराठी माणसाला वाचनाची चटक लावली, हे त्यांचे ऋण आता सर्वमान्य आहे. या पुस्तिका भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांतून फिरत. विकत घेतलेल्या पुस्तकाविषयी माणूस सहनशील असतो. भाड्याने आणलेले पुस्तक तो दुसऱ्या दिवशी परत करतो आणि करताना मत देतो. ही मते कोठे छापली गेली नाहीत. पण त्यांतली काही वाक्ये बोलीत टिकून राहिली : ‘आधीच कळलं होतं’, ‘शेवटी काही दमच नाही’, ‘भलत्यालाच खुनी केला’.

यांतले शेवटचे वाक्य मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. येथे चातुर्य कमी पडल्याची तक्रार नाही. हेतू पटला नाही अशी तक्रार आहे. आणि हेतू का पटत नाही याचे उत्तर वाङ्मयापेक्षा कायद्यात अधिक सापडते.

इंग्रजी रहस्यकादंबरीचा कणा म्हणजे मृत्युपत्र. श्रीमंत काका मरतो. मृत्युपत्र बदलणार असतो, म्हणून मारला जातो. ज्या समाजात मालकाला आपली सर्व मालमत्ता वाटेल त्याला देता येते, तेथेच हा हेतू जिवंत असतो. महाराष्ट्रातील एकत्र कुटुंबावर मिताक्षरेचा अंमल होता. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क. बापाला तो मृत्युपत्राने काढून घेता येत नसे. स्वकष्टार्जित मिळकतीची गोष्ट वेगळी. त्यातही १८७० चा हिंदू विल्स अ‍ॅक्ट या इलाख्यात केवळ मुंबई शहरापुरता होता. शहराबाहेर १ जानेवारी १९२७ पर्यंत हिंदूचे मृत्युपत्र लेखीच असावे असे बंधन नव्हते. जे लिहिलेच नाही ते जाळणार कोण आणि बदलणार कोण? पनवेल-पेणकडच्या वाड्यात १९२० च्या सुमारास खून व्हायचाच, तर तो दत्तकाच्या वादातून, भाऊबंदकीतून, खोतीच्या हिश्श्यातून होईल. विलायतेहून आणलेला हेतू येथे रुजत नाही. वाचकाला मिताक्षरा ठाऊक नसते. आपल्या घरात वाटण्या कशा झाल्या हे मात्र चांगले ठाऊक असते. तो त्या अनुभवावरून ‘भलत्यालाच खुनी केला’ म्हणतो.

बंगालशी तुलना केल्यास मुद्दा स्पष्ट होईल. तेथे दायभागाचा अंमल. बाप जिवंत असेपर्यंत मुलाला हक्क नाही. बाप सर्वस्वाचा धनी आणि मृत्युपत्र त्याच्या हातातले शस्त्र. शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या ब्योमकेशकथांतील ‘अर्थमनर्थम्’मध्ये मृत्युपत्र पुनःपुन्हा बदलणारा म्हातारा येतो, तेव्हा तो लंडनहून आलेला पाहुणा वाटत नाही, कलकत्त्याचाच रहिवासी वाटतो. बंगाली रहस्यकथेला मिळालेली वाङ्मयीन प्रतिष्ठा केवळ शरदिंदूंच्या शैलीमुळे मिळाली असे म्हणणे अपुरे आहे. इंग्रजी साचा आणि स्थानिक वारसाकायदा यांचा तेथे अनायासे मेळ बसला होता.

दुसरे उदाहरण कबुलीजबाबाचे. अखेरच्या प्रकरणात सारे दिवाणखान्यात जमतात, गुप्तहेर बोट दाखवतो, आरोपी कोसळतो आणि इन्स्पेक्टरला सर्व सांगून टाकतो. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमानुसार पोलीस अधिकाऱ्याला दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नव्हती. २०२४ साली अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेच तत्त्व कायम आहे. म्हणजे ज्या क्षणी कादंबरी संपते त्या क्षणी खटला सुरूही झालेला नसतो. तालुक्याच्या कोर्टात एकदा जरी तारखेला गेलेला वाचक हे जाणतो. पंच फितूर होतात, पंचनाम्यावरची सही कोऱ्या कागदावर घेतलेली निघते, साक्षीदार वर्षानुवर्षे खेटे घालतात. हा सारा ऐवज मराठी रहस्यकादंबरीने फारसा वापरला नाही.

भयकथेला ही अडचण आली नाही. नारायण धारप यांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या कादंबरीवरून आलेली आहे. तरीही ती मराठी वाचकाला परकी वाटली नाही. भयाला वारसाकायदा लागत नाही. मूळ इंग्रजी पुस्तके हाती आल्यावर वाचकांचा जो दुसरा विरस झाला, ‘हे तर तिकडचंच’ असा, तो मला पहिल्याइतका खोल वाटत नाही. उचललेले आहे म्हणून जो वाचक रागावतो, त्याला ते आवडलेले असते.

पहिला विरस किती खरा होता, हे पनवेल तालुक्यातील गव्हाणसारख्या गावावरून पाहता येते. १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती नष्ट करणारा कायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन या क्रमाने येथे जमिनीचे धनी बदलले. मग १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या, गव्हाण त्यांतलेच. १९८४ च्या जानेवारीत शेजारच्या जासई-दास्तान फाटा परिसरात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. तिच्यासरशी सातबारावरची मेलेली माणसे पुन्हा महत्त्वाची झाली. वारसनोंदी, फेरफार, कुलमुखत्यारपत्रे, लग्न होऊन गेलेल्या बहिणींची हक्कसोडपत्रे : खाडीकाठच्या खाऱ्या भातशेतीला पूर्वी कधी आली नव्हती एवढी किंमत एका सहीला आली. येथे मृत्युपत्रापेक्षा जबरदस्त हेतू होता, कागद होते, खोटे अंगठे उठण्याची सोय होती, आणि कोणाला किती मिळणार याची वर्षानुवर्षे ताणलेली उत्कंठा होती.

याच वर्षांत गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर यांच्या कादंबऱ्या एस. टी. स्थानकांवरून गावोगाव जात होत्या. शिरवळकरांचे संवाद आजही ताजे वाटतात. त्यांचा वकील अमर विश्वास कोर्टात उभा राहतो, ही अर्नाळकरांच्या पुढची निश्चित पायरी आहे. परंतु तलाठ्याच्या दप्तरात ज्याची उकल दडली आहे अशी मराठी रहस्यकादंबरी त्या काळातली माझ्या पाहण्यात नाही. संपादनाची नोटीस खिशात ठेवून पनवेलच्या स्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या वाचकाच्या हाती हिऱ्यांच्या चोरीची गोष्ट होती. ती त्याने वाचली, शेवटच्या पानावर खुनी कोण ते पाहिले आणि पुस्तक शेजारच्याला दिले.