शेतावरची सुटी : लहान मुलांसाठी उपक्रम कसे निवडावेत?

शेतकऱ्याच्या घरी वा शेतावर मुक्काम करून ग्रामजीवनाचा अनुभव घेणे म्हणजे कृषी पर्यटन. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. बैलगाडीची फेरी, हुरडा पार्टी, शिवारफेरी असे उपक्रम अशा केंद्रांवर असतात. मुलांसाठी त्यांची निवड वयानुसार करावी.

तीन वर्षांपर्यंतच्या बालकांना माती, कोंबड्या आणि वासरे एवढे विश्व पुरते. चार ते सहा वर्षांची मुले भाजी तोडणे, बी पेरणे, मातीचे बैल करणे यांत रमतात. त्याहून मोठ्यांना धार काढणे, ठिबक सिंचन यांविषयी कुतूहल असते. सकाळी एक व सायंकाळी एक उपक्रम पुरेसा; उरलेला वेळ मोकळ्या खेळाला द्यावा.

हंगामही पाहावा. ज्वारीचा हुरडा हिवाळ्यातच मिळतो. मे महिन्यात दुपारचे ऊन टाळावे.

सर्वांत मोठा धोका पाण्याचा. शेततळ्यातील प्लास्टिकचे अस्तर निसरडे असल्याने पोहता येणाऱ्यालाही बाहेर पडणे कठीण जाते. तळ्याला कुंपण आणि विहिरीला कठडा आहे का, हे आरक्षणापूर्वीच विचारावे. पाण्याजवळ मुलांसोबत मोठे माणूस असावेच. जनावरांना हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, दूध उकळूनच द्यावे. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नयेत; ते घशात अडकू शकतात.