उसन्या शस्त्रक्रिया: आतड्याच्या पिळाची कुळकथा

मोठ्या आतड्याला पीळ पडला म्हणून आज ज्या शस्त्रक्रिया करतात, त्यांतल्या बऱ्याचशा मुळात पिळासाठी निघालेल्याच नाहीत. एक कर्करोगाच्या घरची, दुसरी जठराच्या. आणि या सगळ्यांहून जुना उपाय, जो अजूनही आधी केला जातो, त्यात चाकूच लागत नाही.

पीळ बहुधा पडतो तो पोटाच्या डाव्या अंगाला, गुदाशयाच्या वर असलेल्या सिग्मॉइड या वेटोळ्यात. हे वेटोळे एका पडद्याने पाठीमागे टांगलेले असते आणि त्याच पडद्यातून त्याला रक्त मिळते. झोक्याचे दोन दोर जवळजवळ बांधले की झोका गरगर फिरतो, तसेच हे. वेटोळे लांब आणि त्याची दोन टोके एकमेकांना खेटून असली, की ते स्वतःभोवती फिरते. मग दोन्ही तोंडे बंद होतात, आत वायू कोंडतो, पोट नगाऱ्यासारखे ताणते, आणि रक्त थांबले की आतडे काळे पडून कुजते. आफ्रिका, तुर्कस्तान, इराण, भारत, रशिया या पट्ट्यात हा आजार पश्चिम युरोपपेक्षा पुष्कळ जास्त. पूर्व तुर्कस्तानातल्या एर्झुरमच्या एकाच रुग्णालयाने नऊशेहून अधिक रुग्णांची नोंद केलेली आहे.

हिपोक्रेटसच्या परंपरेतले ग्रीक वैद्य अडलेल्या आतड्यात गुदमार्गे भात्याने हवा भरत. फुगलेल्या पोटात आणखी हवा, हे ऐकायला उफराटे वाटते. पण दाबाने वेटोळे उलटे फिरून पीळ सुटू शकतो, हा हिशेब चुकीचा नव्हता. आपल्याकडे सुश्रुताने बद्धगुदोदरासाठी, म्हणजे आतडे अडून पोट फुगते त्यासाठी, थेट पोट उघडायला सांगितले: नाभीच्या खाली, डावीकडे, मधल्या रोमराजीपासून चार अंगुळे सोडून छेद घ्यायचा, आतडे बाहेर काढून तपासायचे, अडथळा करणारा खडा, केस वा मळ काढायचा, मध-तूप लावून आतडे जागी ठेवायचे आणि पोट शिवायचे. यात पिळाचा उल्लेख नाही, तेव्हा पिळाची शस्त्रक्रिया सुश्रुताच्या खात्यावर मांडण्याचा मोह आवरलेला बरा.

१९४७ साली नॉर्वेच्या ब्रूसगार्डने गुदमार्गे घातलेल्या दुर्बिणीतून रबरी नळी पिळापलीकडे सरकवून कोंडलेला वायू मोकळा करण्याचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. दहातल्या नऊ वेळा पीळ सुटला. पोट उघडून केलेल्या तातडीच्या शस्त्रक्रियेत तेव्हा माणसे पटापट दगावत. त्यामुळे नळीचा मान एकदम वाढला. मात्र नळी पीळ सोडवते, लांब वेटोळे तसेच ठेवते. नुसत्या नळीवर सोडलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास रुग्ण पुन्हा पोट फुगवून येतात.

म्हणून कापणे आले. कापलेली टोके जोडली आणि टाका सुटला तर विष्ठा पोटात पसरणार. प्रतिजैविकांआधीच्या काळात ते मरणच. कोपनहेगनचा ब्लॉक, लिव्हरपूलचा पॉल आणि पुढे ब्रेस्लाउचा मिकुलिच यांनी कर्करोगाच्या गाठीसाठी तोड काढली: रोगट वेटोळे पोटाबाहेर आणायचे आणि कापाकापी बाहेरच करायची. हीच युक्ती सडलेल्या पिळासाठी उचलली गेली.

त्याहून मोठे नाव पॅरिसच्या आंरी हार्टमानचे. १९२१ साली त्याने फ्रेंच शल्यचिकित्सकांच्या परिषदेत कर्करोगाचे दोन रुग्ण मांडले. रोगट भाग काढला, खालचे टोक शिवून आतच ठेवले, वरचे टोक पोटावर आणून तिथून शौचाची वाट केली. दोन टोके पुन्हा जोडणे त्याच्या मूळ बेतात नव्हतेच. ती नंतरच्यांची भर. आज पिळाचे आतडे सडलेले असेल, रुग्ण खचलेला असेल, तर मध्यरात्री शल्यचिकित्सक हार्टमानच करतो. ‘दोन-तीन महिन्यांनी पोटावरची शौचाची पिशवी काढू’ असे नातेवाइकांना सांगितले जाते. वयस्क रुग्णांपैकी अनेकांची ती कधीच निघत नाही, हे तेवढ्याच स्पष्टपणे सांगायला हवे.

दुसरे कूळ जठराचे. हाइनेके आणि पुन्हा तोच मिकुलिच यांनी १८८० च्या दशकात अरुंद झालेले जठराचे द्वार उभे चिरून आडवे शिवले. वाट रुंद झाली. तिवारी आणि प्रसाद या भारतीय शल्यचिकित्सकांनी १९७६ साली हाच न्याय पिळाच्या पडद्याला लावला. पडदा उभा चिरून आडवा शिवला की त्याची लांबी घटते, बूड रुंदावते, दोर एकमेकांपासून दूर जातात. आतडे कापायचे नाही, पिशवी नाही. एम. सुब्रह्मण्यम् यांनी १९९२ मध्ये शंभराहून अधिक रुग्णांवर केलेल्या या शस्त्रक्रियेचा अनुभव मांडला. आतडे सडले असेल तर ही शस्त्रक्रिया बाद. बाकीच्यांतही जगभरचा कौल आज वेटोळे काढून टोके जोडण्याकडे आहे, आणि पीळ परत येण्याच्या दृष्टीने तो रास्तच आहे.

पोट एकाएकी फुगले, शौच आणि वारा दोन्ही बंद झाले, तर एरंडेल पाजत बसू नका, रुग्णालय गाठा. आणि नळीने आराम पडला म्हणून घरी निघाला असाल, तर पुढच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरवल्याशिवाय निघू नका.