‘मंडळी’ : अमेरिकन मराठी मिशनच्या इतिहासातील एक संज्ञा

उपासनेसाठी एकत्र येणाऱ्या श्रद्धावंतांच्या समुदायास मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती ‘मंडळी’ म्हणतात. गोमंतकात याच्या जवळचा शब्द ‘इगर्जी’ हा होय. तो पोर्तुगीजांबरोबर आला आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम इमारत उभी करतो. ‘मंडळी’ या शब्दाला भिंती नाहीत. त्यात केवळ जमलेली माणसे आहेत. परदेशातून आलेल्या मिशनने या भूमीत कोणत्या प्रकारची धर्मसंस्था रुजवू पाहिली, आणि रुजविताना ते आपल्याच कल्पनेशी कोठवर एकनिष्ठ राहिले, याचा माग या एका शब्दाच्या आधारे काढता येतो.

अमेरिकन बोर्ड ऑफ कमिशनर्स फॉर फॉरिन मिशन्स ही संस्था इ. स. १८१० मध्ये मॅसॅच्युसेट्स प्रांतात स्थापन झाली. तिचा मुख्य आधार न्यू इंग्लंडमधील काँग्रिगेशनल पंथ. या पंथात बिशप नाही. प्रत्येक गावचा श्रद्धावंतांचा समुदाय हाच संपूर्ण चर्च. पाळक निवडणे, सभासद घेणे वा वगळणे हे सर्व अधिकार त्याचेच. या परंपरेत वाढलेले जडसन, न्यूएल, नॉट, हॉल आणि राइस हे पाच तरुण फेब्रुवारी १८१२ मध्ये दोन जहाजांतून कलकत्त्याकडे निघाले. प्रवासातच एका ग्रीक शब्दाने त्यांच्यात फूट पाडली. ‘बाप्तिस्मा’ म्हणजे पाण्यात पूर्ण बुडविणे की जलसिंचनही त्यात बसते, या प्रश्नाचा अभ्यास करता करता जडसन बॅप्टिस्ट मताचे झाले. कलकत्त्यास पोहोचल्यावर राइस यांनीही तोच मार्ग धरला. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेले. मराठीत मात्र हा शब्द भाषांतरित न होता मूळ रूपातच रूढ झाला, त्यामुळे वाद न सोडविताच तो बाजूला ठेवता आला. भाषांतरकारांच्या अशा मौनालाही इतिहास असतो.

गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस उतरले. इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात त्या वेळी युद्ध चालू होते, आणि कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी मुळातच नको होते. दोघांना इंग्लंडला पाठविण्याचे हुकूम निघाले. त्यांनी गुपचूप कोचीनपर्यंत मजल मारली. तेथून त्यांस परत आणण्यात आले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांचा कल त्यांना अनुकूल होता. हॉल व नॉट यांनी त्यांच्याकडे लेखी विनवणी केली, आणि त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना वाट मोकळी करून दिल्यामुळे अखेर त्यांचा मुक्काम कायम झाला. नॉट प्रकृतीमुळे १८१५ मध्ये स्वदेशी गेले. हॉल राहिले, मराठी शिकले, बाजारात आणि जत्रांत उपदेश करीत हिंडले आणि मार्च १८२६ मध्ये नाशिककडील दौऱ्यावर असता पटकीने मरण पावले. त्याच वर्षी मिशनचा मराठी ‘नवा करार’ पुरा छापून निघाला.

तो ज्या छापखान्यात निघाला त्याचे काम १८१७ पासून सुरू होते. तेथे टॉमस ग्रॅहॅम यांनी बालबोध खिळ्यांवर मेहनत घेतली, आणि याच छापखान्यात काम शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. संस्कृत ग्रंथांच्या देखण्या आवृत्त्यांचे ऋण असे थेट मिशनच्या खिळ्यांपर्यंत पोहोचते. दोन्ही पक्षांना ते बहुधा फारसे रुचले नसते.

आता शब्दाकडे वळू. ग्रीक ‘एक्लेसिया’ म्हणजे बोलावून जमविलेली सभा. ‘मंडळी’ हा त्याचा पर्याय अर्थाने चोख आहे, आणि काँग्रिगेशनल पंथाच्या कल्पनेला तर तो विशेषच जुळतो. परंतु नित्याच्या मराठीत ‘मंडळी’ हे सैल समूहवाचक नाम आहे. घरची मंडळी, गावची मंडळी, कीर्तनाला जमलेली मंडळी. जुन्या वळणाचा गृहस्थ तर पत्नीचाही निर्देश याच शब्दाने करी. हे नाम सहसा मोजले जात नाही. ख्रिस्ती मराठीने ते मोजनीय केले : एक मंडळी, सात मंडळ्या. अनेकवचनाचा हा प्रत्यय लागताच जमावाचे रूपांतर संस्थेत झाले. संस्था म्हटली की तिचा कारभार कोणाच्या हाती, हा प्रश्न ओघानेच येतो.

तो प्रश्न अहमदनगरास उभा राहिला. मिशनने तेथे डिसेंबर १८३१ मध्ये ठाणे घातले आणि १८३३ मध्ये मंडळी स्थापन केली. तथापि पुढील दोन दशके तिची धुरा अमेरिकन मिशनऱ्यांकडेच होती. बॉस्टनमधील बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांना ही स्थिती मान्य नव्हती.  देशी चर्चने स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च आणि स्वतःचा प्रसार स्वतः करावा, हे सूत्र त्यांच्या आणि लंडनच्या हेन्री व्हेन यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. १८५४-५५ मध्ये अँडरसन स्वतः येथे आले. १८५४ मध्येच हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. ‘मंडळी’ या शब्दाने दिलेले अभिवचन येथे प्रथम पाळले गेले, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु याच भेटीची दुसरी बाजू अधिक विचारात घेण्याजोगी आहे. लोकभाषेतच शिक्षण द्यावे असा अँडरसन यांचा आग्रह होता, आणि मिशनचे इंग्रजी शिक्षण त्यामुळे आखडले. मुंबईत स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन व कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांनी इंग्रजी उच्च शिक्षणाची कास धरली होती. अमेरिकन मिशन उलट दिशेने गेले. मराठीला याचा लाभ झाला यात संशय नाही. १८४२ मध्ये निघालेल्या ‘ज्ञानोदया’ची परंपरा आणि नगरकडील ख्रिस्ती कीर्तन ही त्याची साक्ष होय. पण बॉस्टनशी पत्रव्यवहार इंग्रजीत, अंदाजपत्रके इंग्रजीत, आणि ‘मिशन’ म्हणजे अमेरिकन मिशनऱ्यांची सभा. मराठी पाळकाला त्याच्या भाषेचा मान मिळाला, मात्र निर्णय ज्या भाषेत होत तिची दारे अरुंद झाली. अँडरसन यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांचे धोरण मात्र त्यांच्याच सूत्राच्या आड आले.

पैशाचा पेच याहून सरळ होता. नगर जिल्ह्यातील खेड्यांत मंडळ्या वाढल्या त्या बव्हंशी महार व मांग समाजांतून. ज्यांच्या वाट्याला भूमी नाही आणि पुष्कळदा दुष्काळ आहे, त्यांनी पाळकाचे वेतन कोठून द्यावे? ते मिशन देई; आणि जो वेतन देतो त्याचा शब्द अखेरचा ठरतो.

नारायण वामन टिळकांचे चरित्र या पार्श्वभूमीवर वाचावे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो तुकाराम नथोजी या मराठी पाळकाच्या हातून. १९०४ मध्ये त्यांस दीक्षा मिळाली. त्यांच्या पदांनी मराठी उपासनेचा सूरच पालटला. तरीही १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांसाठी नवा बंधुसंघ आरंभिला. त्याचे नाव त्यांनी ‘देवाचा दरबार’ असे ठेवले. ‘मंडळी’ हा सिद्ध शब्द हाताशी असता त्यांनी तो घेतला नाही. शतकभराच्या वापरात त्या शब्दाला मिशनच्या वेतनपटाचा वास लागला होता; दरबारात एकच धनी असतो आणि तो बॉस्टनला नसतो.

टिळक मे १९१९ मध्ये वारले, आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. नगर-मुंबईच्या या परंपरेतील मंडळ्या १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात आणि १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. या नव्या चर्चमध्ये बिशप आहेत. गावोगावच्या समुदायाला मात्र अजूनही ‘मंडळी’च म्हणतात.