शब्द नंतर आले

मेहकर तालुक्यातल्या डोणगावात काय, वऱ्हाडातल्या कुठल्याही मोठ्या गावात काय, शब्दांवाचून वाजणारा ठेका कुणाला नवा नाही. वरात निघाली की बेंजोवर सिनेमातल्या गाण्याची नुसती चाल वाजते, ऑक्टोपॅडवाला खाली ठेका धरतो. नागपूरकडचं धुमाल पथक आलं असेल तर गाणारा कुठंय, असं कुणी विचारतही नाही. तरीपण इथल्या पोरांना ‘इन्स्ट्रुमेंटल हिप-हॉप’ म्हटलं की ते हसतात. रॅपच नाही, मग हिप-हॉप कसलं? रॅपर हजर झाला नाही म्हणून नुसतं म्युझिक वाजतंय, असाच त्यांचा समज असतो.

प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, 1520 सेजविक अव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीनं पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांचे पैसे उभे करायचे, एवढाच हेतू. रेकॉर्डी लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता, जमैकातून आलेला; त्याचं नाव पुढं डीजे कूल हर्क म्हणून गाजलं. गाणाऱ्याचा आवाज थांबून नुसता ड्रम उरतो त्या जागेची नाचणारे वाट पाहतात, हे त्यानं हेरलं होतं. ती जागा जेमतेम काही सेकंदांची. म्हणून तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवायचा. एकीवरची जागा संपली की दुसरीवरची सुरू, तोवर पहिली मागं फिरवून तयार. माइकवरचा माणूस तेव्हा फक्त गर्दीला चेव आणायचा. त्याच्या आरोळ्या लांबत, यमकं जुळवत गेल्या आणि त्यांचा रॅप झाला. ठेका आधीचा, शब्द नंतरचे.

हातानं चाललेलं हे काम पुढं यंत्रात गेलं. 1987च्या एसपी-1200 या यंत्रात सगळे मिळून दहाएक सेकंदांचे आवाज मावत. रॉजर लिन यांनी घडवलेलं अकाईचं एमपीसी60 पुढच्या वर्षी आलं. जुन्या रेकॉर्डवरून आवाज उचलायचा, तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा एकेका रबरी बटणावर बसवायचा आणि बोटांनी वाजवायचं. यात सगळ्यात जास्त उचलला गेलेला तुकडा ‘द विन्स्टन्स’ या बँडच्या 1969च्या रेकॉर्डवरचा: सहाएक सेकंदांचा ड्रम, वाजवणारा ग्रेगरी कोलमन. त्या सहा सेकंदांवर एक अख्खा संगीतप्रकार उभा राहिला. कोलमनला त्याचा पैसा मिळाला नाही. 2006 साली तो गेला तेव्हा त्याला घरही नव्हतं.

डिसेंबर 1991मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयानं रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल दिला. विनापरवाना तुकडा उचलणं म्हणजे चोरी, असं न्यायाधीशांनी सरळ लिहिलं. नामांकित गाण्यांच्या परवानग्या महागल्या. माझ्या मते शब्दांविनाच्या अल्बमांचा काळ खरा इथून सुरू होतो. प्रसिद्ध रेकॉर्ड परवडेना, तशी बीट बांधणारी मंडळी कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या रेकॉर्डी शोधू लागली. तुकडे इतके बारीक केले जाऊ लागले की मूळ गाणं ओळखूच येऊ नये. या कारागिरीला रॅपरची आवश्यकताच उरली नाही.

डीजे शॅडोचा ‘एंडट्रोड्यूसिंग’ हा 1996चा अल्बम या वळणावर उभा आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरातल्या एका रेकॉर्ड-दुकानाच्या तळघरात बसून तो धुळीत पडलेले ढीग उपसत असे. जवळपास सगळा अल्बम अशा ढिगांतल्या तुकड्यांचा. केवळ दुसऱ्यांच्या रेकॉर्डींतून घडवलेला पहिला अल्बम अशी गिनीज बुकानं पुढं त्याची नोंद केली. ऐकायला मात्र तो उदास आणि लांबट आहे. सुरुवात याच्यापासून करू नका.

आता आपल्या दाराशी येऊ. नवे आवाज शोधत बीट बांधणारी ही माणसं मुंबईच्या सिनेमासंगीतापर्यंत पोहोचली. सत्तरच्या दशकातल्या हिंदी पार्श्वसंगीतात त्यांना हवं ते सारं होतं: व्हायोलिनांचा ताफा, ब्रास, बाँगो, तबला, इलेक्ट्रिक गिटार, आणि मारामारीच्या प्रसंगाला एकट्यानं घुमणारा ड्रम. 1998 साली डॅन द ऑटोमेटर या अमेरिकन प्रोड्यूसरनं गिरगावात वाढलेल्या कल्याणजी-आनंदजींचं सिनेमासंगीत घेऊन त्यावर नवे ड्रम चढवले आणि ‘बॉम्बे द हार्ड वे’ काढला. ड्रमच्या कामात डीजे शॅडोही होता. संगीतकारांची नावं मुखपृष्ठावर आली, हे चांगलं झालं. गाण्यांना दिलेली चटणी आणि करीची थट्टेखोर नावं मला अजून खटकतात. ‘डॉन’चं शीर्षकसंगीत त्या थट्टेपेक्षा फार वरचं आहे.

2002 साली ट्रूथ हर्ट्स या गायिकेच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या गाण्यात तर लता मंगेशकरांचा आवाज तसाच्या तसा येऊन बसला. मूळ गाणं ‘ज्योती’ सिनेमातलं, बप्पी लाहिरींचं. त्यावरून अमेरिकेत खटला झाला आणि लाहिरींचं नाव छापल्याशिवाय अल्बम विकायचा नाही, असा हुकूम निघाला. संगीतकाराला निदान न्यायालय तरी भेटलं. पण त्या काळच्या रेकॉर्डींवर ठेका धरणाऱ्या मारुतीराव कीर, अमृतराव काटकर, केरसी लॉर्ड, लेस्ली गोदिन्हो यांची नावं कव्हरवर क्वचितच छापली जात. जे छापलंच नाही ते लॉस एंजेलिसमध्ये बीट बांधणाऱ्या पोरानं वाचायचं कुठून?

मॅडलिब या अमेरिकन प्रोड्यूसरचा ‘बीट कंडक्टा इन इंडिया’ (2007) ऐकताना हीच नावं डोक्यात असू द्या. दीड-दोन मिनिटांचा एकेक तुकडा, जुन्या हिंदी सिनेमांच्या रेकॉर्डी कापून जोडलेला. एखादी ओळखीची चाल येते, आपण गुणगुणायला तोंड उघडतो, तोवर ती कापली गेलेली असते. अमेरिकन ऐकणाऱ्याला यात अनोळखी देश भेटतो. डोणगावच्या माणसाला बापाचा रेडिओ भेटतो. हा अल्बम आपल्याइतका त्यांना कळणार नाही, असं मी बेधडक म्हणेन.

मूळ वाटेला थोडी बगल देऊन एक गोष्ट सांगायलाच हवी. 1982 साली मुंबईचे स्टुडिओ-वादक चरणजित सिंग यांनी सिंगापुरातून आणलेल्या रोलँडच्या यंत्रांवर भैरव, ललित, भूपाली, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. त्यातलं टीआर-808 हे ठेक्याचं यंत्र त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये आफ्रिका बंबाटाच्या ‘प्लॅनेट रॉक’मध्ये वाजत होतं. तिथं त्यातून इतिहास घडला, इथं रेकॉर्ड खपली नाही. एका डच संग्राहकाच्या हाती ती दिल्लीत लागली आणि 2010 साली तिची नवी आवृत्ती निघाली. सिंग 2015मध्ये वारले. उतारवयात का होईना, त्यांना परदेशातल्या मंचांवर ती वाजवायला मिळाली. वरातीतला ऑक्टोपॅडही याच रोलँडचा.

इन्स्ट्रुमेंटल हिप-हॉपचं शिखर मात्र डेट्रॉइटच्या जे डिलाचं. त्याचा अल्बम ‘डोनट्स’ 7 फेब्रुवारी 2006 रोजी, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी बाजारात आला आणि तीन दिवसांनी डिला गेला. अल्बम दवाखान्यातल्या खाटेवर बनला अशी दंतकथा आहे. बराचसा भाग त्याआधीच घरी तयार होता. दंतकथा नसली तरी काही बिघडत नाही. एकतीस तुकडे, पहिल्याचं नाव ‘आउट्रो’, म्हणजे शेवट, आणि शेवट पुन्हा सुरुवातीला येऊन मिळणारा. डिलाचा ड्रम यंत्राच्या काट्यावर पडत नाही, केसभर मागंपुढं पडतो. आपल्या ढोलकीवाल्याला ही गंमत समजावून सांगावी लागणार नाही. त्याचं एमपीसी3000 आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

जपानच्या नुजाबेसचं ‘मोडल सोल’ (2005) यापेक्षा मवाळ, जॅझच्या अंगानं जाणारं. काही गाण्यांत शब्द आहेत, पण अभ्यास करताना मागं लावायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. हल्ली यूट्यूबवर रात्रंदिवस जे ‘लो-फाय’ वाजत असतं, त्यातलं बरंचसं याची आणि डिलाची पातळ नक्कल आहे. ते सोडून मूळ धरा.

मराठी रॅप आता वऱ्हाडीतही घुमतो. अमरावतीचा 100आरबीएच पोरांना तोंडपाठ आहे. पण त्याच पोरांना विचारा, गाण्याखालची बीट कुणी बांधली? सांगता येत नाही. चांगले अल्बम सापडण्याची वाट याच प्रश्नातून जाते. टॉप-टेनच्या याद्या बघू नका. आवडलेल्या गाण्याखाली प्रोड्यूसरचं नाव वाचा, त्याचं दुसरं काम ऐका, त्यानं कुठली रेकॉर्ड कापली ते शोधा आणि ती मूळ रेकॉर्डही ऐका.

इथल्या माणसाला मी क्रम असा सुचवेन: आधी ‘इन इंडिया’, मग चरणजित सिंग, मग नुजाबेस, मग शॅडो. ‘डोनट्स’ शेवटी ठेवा. त्रेचाळीस मिनिटांचाच आहे, सलग ऐका. मोबाईलवर मध्येच गाणं पुढं ढकलत ऐकायचा तो अल्बम नव्हे.