मॉडेल रेल्वेवरील माणसे, जनावरे आणि बारकावे

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर रूळ, गाड्या, इमारती आणि डोंगरझाडी उभी राहिली की त्यावर माणसांच्या व प्राण्यांच्या लहान पुतळ्या, हातगाड्या, पाट्या, बाकडी, तारेचे खांब, कोळशाचे ढीग अशी सामग्री मांडली जाते. या कामाकडे शेवटची सजावट म्हणून पाहणे चूक आहे. इंजिन किती मोठे आहे हे बघणाऱ्याला त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या माणसामुळे कळते. स्थानक कोणत्या देशातले आणि कोणत्या काळातले आहे हेही तिथल्या माणसांच्या कपड्यांवरूनच आधी कळते.

पुतळीची उंची लेआउटच्या प्रमाणावर ठरते. १.७५ मीटर उंचीचा माणूस १:८७ या एचओ प्रमाणात २० मिलिमीटर, ब्रिटनमध्ये रूढ असलेल्या १:७६ च्या ओओ प्रमाणात २३ मिलिमीटर आणि १:१६० च्या एन प्रमाणात जेमतेम ११ मिलिमीटर भरतो. एचओ आणि ओओ या दोन्हींचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे असल्याने त्यांच्या पुतळ्यांची सरमिसळ सहज होते. एकाच फलाटावर ती खटकते. मात्र मागच्या बाजूला मुद्दाम लहान प्रमाणाच्या पुतळ्या ठेवल्या तर अंतर वाढल्याचा भास होतो, आणि अरुंद लेआउटवर या युक्तीचा चांगला उपयोग होतो.

फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने १९३१ पासून आपल्या खेळण्यातल्या रेल्वेला जोड म्हणून ‘मॉडेल्ड मिनिएचर्स’ नावाचे धातूचे संच काढले. त्यांत स्थानकातले कर्मचारी होते, प्रवासी होते, गोठ्यातली जनावरे होती. याच मालिकेतून पुढे १९३४ मध्ये ‘डिंकी टॉइज’ हे नाव आले. म्हणजे जगप्रसिद्ध खेळण्यातल्या मोटारींची वंशावळ फलाटावरच्या हमालांपर्यंत पोचते. युद्धानंतर, १९४९ मध्ये, जर्मनीत प्रायझर ही कंपनी सुरू झाली आणि प्लॅस्टिकच्या पुतळ्यांत तिने आपले स्थान पक्के केले. नोख आणि फालर ही या धंद्यातली आणखी दोन जर्मन नावे.

मांडणीत सर्वांत जास्त फसवते ती हालचाल. पळणारा, हात उंचावलेला किंवा चेंडू लाथाडणारा माणूस छायाचित्रात शोभतो. लेआउटवर गाडी येऊन गेली तरी तो त्याच पावलावर अडकलेला दिसतो आणि सगळे दृश्य खोटे पडते. बाकावर बसलेली, खांबाला टेकलेली, दोघांतिघांत गप्पा मारणारी माणसे तासभर पाहिली तरी खरी वाटतात. गर्दीही समान अंतरावर पेरू नये. खऱ्या फलाटावर लोक सावलीत, नळापाशी आणि चहाच्या टपरीभोवती गोळा होतात आणि मधला पट्टा ओस पडतो. जनावरांनाही हेच लागू आहे. कळपातली बहुतेक गुरे मान खाली घालून चरणारी किंवा बसलेली असावीत, आणि सगळ्यांची तोंडे बघणाऱ्याकडे वळलेली नसावीत.

पुतळीच्या पायाखालची चकती लक्षात येते, म्हणून ती कापून टाकतात. टाचेत बारीक छिद्र पाडून त्यात अर्ध्या मिलिमीटरची तार बसवली की पुतळी जमिनीत रोवता येते आणि पुढेमागे हलवताही येते. निव्वळ सुपरग्लूवर विसंबल्यास त्याच्या वाफेने आजूबाजूच्या रंगावर पांढुरकी झाक चढते. काचेच्या खिडक्यांजवळ तर तो टाळलेलाच बरा. रंग नेहमी मॅट वापरावा आणि तोही थोडा फिका करून, कारण इतक्या लहान आकारात मूळ रंग भडक दिसतो. नंतर पातळ तपकिरी रंगाचा हात दिला की तो कपड्यांच्या चुण्यांत साचतो आणि घड्या उठून दिसतात. एचओच्या चेहऱ्यावर डोळे रंगवायला जाऊ नये. भुवईखालची सावली पुरते.

भारतीय लेआउट करणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी १,६७६ मिलिमीटर, म्हणजे एचओ प्रमाणात १९ मिलिमीटरांहून थोडी अधिक व्हायला हवी; तरीही बहुतेक जण १६.५ मिलिमीटरच्या तयार रुळांवरच गाड्या चालवतात. ही तफावत सहसा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. वशिंड नसलेली गाय मात्र लगेच भरते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक गाई युरोपीय जातींच्या, सपाट पाठीच्या असतात. त्यांच्या खांद्यावर एपॉक्सी पुट्टीचा मुगाएवढा गोळा बसवायचा, ओल्या काडीने तो मागे उतरता करायचा, गळ्याखालच्या लोंबत्या पोळीसाठी पातळ पट्टी लावायची आणि शिंगांच्या जागी बारीक तारा वाकवून चिकटवायच्या. अंगावर राखाडीकडे झुकणारा पांढरा रंग दिला की खिल्लारी गाय तयार होते. माणसांचेही असेच रूपांतर करतात. पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भिजवलेला टिश्यू पेपर स्कर्टवरून गुंडाळून खांद्यावर घेतला की साडी होते. टोपी तासून पुट्टीचा फेटा बांधता येतो. लाल सदरा, डोक्यावर ट्रंक आणि दंडावर पितळी बिल्ल्याचा एक ठिपका एवढ्यावर हमाल ओळखू येतो. थ्रीडी प्रिंटिंगमुळे आता अशा पुतळ्या मुळापासूनही बनवता येतात.

हॅम्बुर्गच्या श्पायशरश्टाट भागात २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘मिनिआटूर वुंडरलांड’ या मॉडेल रेल्वे प्रदर्शनात एचओ प्रमाणातली लाखो माणसे आहेत आणि तिथे दर पंधरा मिनिटांनी रात्र होते. इंग्लंडमधील लाँग विटनम येथील पेंडन संग्रहालय त्याच्या उलट वाटेने जाते: १९२० आणि १९३० च्या दशकांतला व्हाइट हॉर्स खोऱ्याचा ग्रामीण भाग तिथे घराघरांच्या तपशिलासह जपला आहे, आणि त्या काळात न बसणारी वस्तू तिथे ठेवली जात नाही. नवशिक्याने आदर्श म्हणून पेंडनच समोर ठेवावे. महाराष्ट्रात हा छंद जवळून पाहायचा तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले, १९९८ पासून लोकांसाठी खुले असलेले लघुरेल्वे संग्रहालय आहे. तिथे गाड्यांइतकाच वेळ रस्त्यांवरच्या माणसांनाही द्यावा.