पानातला वास, बरणीतलं तूप

आपल्या गावच्या पांढरीत सापडलेल्या जुन्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जपून ठेवल्या, म्हणून आज तेरला त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे. तिथे हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी मिळतीजुळती दुसरी मूर्ती १९३८ साली इटलीत, पॉम्पेई शहराच्या उत्खननात मिळाली. ते शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, म्हणजे ती त्याआधीच समुद्र ओलांडून गेली होती. त्या पॉम्पेईच्या मूर्तीत मधल्या बाईच्या दोन्ही बाजूंना दोन दासी आहेत आणि त्यांच्या हातात शृंगाराची भांडी आहेत. अभ्यासक तिच्या दागिन्यांबद्दल भरभरून लिहितात. आम्हाला मात्र त्या भांड्यांचंच कुतूहल! त्या काळी अंगाला, केसांना लावायचं सुगंधी तेल कशाचं असायचं?

तेव्हा आपलं गाव तगर होतं. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या व्यापारी पुस्तिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर सांगितलं आहे. इथलं साधं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जात असे. (तगर कुठलं, यावर पुढे विद्वानांचा बराच वाद झाला. कुणी जुन्नर म्हणे, कुणी दौलताबाद. १९०१ मध्ये फ्लीट यांनी ते तेर असल्याचं दाखवून दिलं.)

त्याच पुस्तिकेत एका झाडाच्या पानाचाही व्यापार आहे. ते पान आपल्याकडचं नव्हे. ईशान्येकडच्या डोंगरांतून येऊन ते गंगेच्या मुखाशी आणि केरळच्या बंदरांत जहाजावर चढे. ग्रीक लोक त्याला ‘मलाबाथ्रोन’ म्हणत. नाव परकं वाटतं ना? पण ते आपलं तमालपत्रच. ग्रीक भाषेत नामाआधी ‘ता’ असा एक छोटा शब्द लागतो. सुरुवातीचा ‘त’ म्हणजे तोच, असं समजून त्यांनी तो गाळला आणि आपल्या मसाल्याच्या डब्यातलं पान ओळखू येईनासं झालं.

रोमी लेखक प्लिनीने या पानाचा भाव पौंडाला ६० देनारियस सांगितला आहे. तो पौंड म्हणजे आजचा जेमतेम पाव किलो आणि वर थोडं. एक देनारियस म्हणजे साधारण मजुराची दिवसाची कमाई. सुगंधी तेलात हे पान मुरवून श्रीमंत रोमी माणसं केसांना लावत. डायोस्कोरिडीस या वैद्याने तर पान कपड्यांत ठेवलं की कसर लागत नाही, असंही नोंदवलं आहे. आपण ट्रंकेत कडुलिंबाचा पाला ठेवतो, तसंच.

तेलाचं एक दुखणं तेव्हाही होतं, आजही आहे: ते खवट होतं. हवेतला प्राणवायू स्निग्धांशाच्या एका कणाला धरतो, तो बिघडलेला कण शेजारच्याला बिघडवतो, आणि अशी साखळी चालू राहते. काही पानांच्या तेलात युजेनॉल नावाचं द्रव्य असतं. लवंगेत, तुळशीत असतं तेच. कोकणातल्या दालचिनीच्या पानाच्या तेलात ते मुख्य असतं. ते स्वतःतला एक अंश देऊन टाकतं आणि साखळी तिथेच तुटते. यालाच अँटिऑक्सिडंट गुण म्हणतात.

हा शब्द यायच्या कितीतरी आधी आपल्या आज्या-सासवा लोणी कढवताना त्यात विड्याचं पान किंवा कढीपत्ता टाकत होत्या. ‘तुपाला वास चांगला येतो,’ एवढंच त्या सांगत. १९७९ मध्ये एका भारतीय नियतकालिकात याच दोन पानांवरचा शोधनिबंध आला: पानं घालून कढवलेलं तूप जास्त दिवस टिकतं. शास्त्रज्ञांनी ते मोजून दाखवलं, याचा आनंदच आहे. पण चुलीपुढे ते आधी ज्यांनी ताडलं, त्या बायकांचं नाव कुठल्याच निबंधात येत नाही, हे आम्हाला खटकतं.

आता बाजारात पानांच्या अर्काच्या इवल्याशा बाटल्या येतात आणि ‘अँटिऑक्सिडंट, तारुण्य टिकवतं’ म्हणून महाग विकल्या जातात. हा गुण बहुधा काचेच्या नळीत तपासतात: जांभळ्या द्रावणात तेल घालायचं आणि रंग किती फिका पडतो ते बघायचं. नळीत रंग उडाला म्हणून चेहऱ्यावरची सुरकुती जाईल, असं होत नाही. वास उग्र म्हणून गुण जास्त, हेही खरं नाही. नीलगिरीचा वास घरभर पसरतो, पण तिच्यातलं मुख्य द्रव्य सिनिओल या कामात युजेनॉलपेक्षा बरंच दुबळं. शिवाय नीलगिरीचं तेल थोडंसं जरी लहान मुलाच्या पोटात गेलं, तरी झटके येऊ शकतात. बाटली उंच फळीवरच ठेवा.

तुपाचं म्हणाल तर पान धुऊन अगदी कोरडं पुसून घ्या. लोण्याची तडतड कमी होत आली की टाका, कुरकुरीत झालं की तूप गरम असतानाच गाळा. पानात पाणी राहिलं, तर तूप टिकायच्या ऐवजी लवकर खराब होतं.